कोरडवाहू घरातला किराणा महिन्यात कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याकडचं गाव, घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. हंगाम नसला की नवरा रोजमजुरीला जातो. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं. किराणा आणि भाजीपाल्यासाठी दर महिन्याला ७,००० रुपये वेगळे काढतात, वीस-बावीस तारखेला ते संपतात आणि पुढचे आठ दिवस गावातल्या दुकानात खात्यावर चालतं. "आमचं नेमकं चुकतं कुठं?"

ताई, तुमचा आकडा फारसा चुकलेला नाही. एकाच डब्यातून तुम्ही चार-पाच वेगवेगळे खर्च भागवता, तिथं घोळ होतो. वर्षाचे गहूही त्यातूनच, मंगळवारच्या बाजाराचं वांगंही त्यातूनच, महालक्ष्म्यांचं पुरणही त्यातूनच. मग एखादा महिना बसतो, पुढचा कोसळतो, आणि कोणत्या खर्चानं कोसळला हे कळतच नाही.

"महिन्याचा किराणा" ही पगारदार घरातली रीत आहे. तिथं एक तारखेला पैसा येतो. तुमच्याकडे सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, कापसाचा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत वेचणीनुसार तुकड्या-तुकड्यानं, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चनंतर मजुरीवर घर चालतं. मृग लागला की हातातलं होतं नव्हतं ते बी-खतात जातं. जून ते सप्टेंबर येणं जवळजवळ बंद, आणि शाळेची वह्या-पुस्तकं, पोळा, महालक्ष्म्या हे सगळं त्याच चार महिन्यांत. म्हणून आधी खर्च चार खात्यांत वेगळे करा: वर्षाचं भरण, महिन्याचा किराणा, आठवडी बाजार (त्यातच दूध आणि अंडी-मटण) आणि सण. चार डबे करा, चार पाकिटं करा किंवा वहीची चार पानं करा, पण एकातलं दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

आता सहा माणसांना खरोखर किती लागतं ते बघू. रुपये नंतर, आधी किलो. भाव बदलतो, पोट फारसं बदलत नाही.

शेतात राबणारं घर असेल तर चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून महिन्याला ५० ते ५५ किलो धान्य लागतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे ३० किलो तुम्हाला मोफत मिळतं. हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. त्याआधी गव्हाला किलोमागे २ आणि तांदळाला ३ रुपये पडत होते. (अंत्योदय कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, घरामागे ३५ किलो.) उरलेले २०-२५ किलो गहू-ज्वारी स्वतःचे. वर्षाचे ते अडीच ते तीन क्विंटल होतात. एवढंच भरायचं. शेजारणीनं पाच क्विंटल भरले म्हणून आपणही भरले, तर सप्टेंबरात किडे निवडत बसावं लागतं.

डाळी सगळ्या मिळून ६ किलो: तूर ४, बाकी हरभरा, मूग, मसूर २. तेल ४ लिटर, म्हणजे माणशी दिवसाला २० ते २२ मिली. साखरेचा हिशेब चहावरून काढा. चार मोठी माणसं, दिवसाला दोन कप, कपात दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम. महिन्याचे २ किलो ४०० ग्रॅम फक्त चहात जातात. पाहुणे आणि मुलांचं दूध धरून ३ किलो. चहापत्ती कपामागे २ ग्रॅम धरली तर अर्धा किलो. कपातला एक चमचा कमी केला की महिन्याला सव्वा किलो साखर वाचते. किराण्यात इतक्या सहज कमी होणारी दुसरी गोष्ट नाही. मीठ १ किलो, शेंगदाणे दीड किलो, गूळ १ किलो, पोहे-रवा मिळून दोन किलो. तिखट आपल्याकडे जास्त लागतं, दिवसाला २० ग्रॅम धरलं तर महिन्याला ६०० ग्रॅम आणि वर्षाला सात-सव्वासात किलो.

आता रुपये. पुढचे भाव फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे टाका. तेल १५० नं ४ लिटर ६००, साखर १३५, चहापत्ती २००, तुरीशिवायच्या डाळी २००, शेंगदाणे २१०, पोहे-रवा १००, जिरं-मोहरी-हिंग १००, मीठ २५, गूळ ५५. हे १,६२५ झाले. अंगाची साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांचे ६०० वेगळे लिहा, कारण लोक "किराणा महागला" म्हणतात तेव्हा बरेचदा महागलेली असते ती ही बाजू. किराणा झाला २,२२५. बाजार आठवड्याला ४५० धरला तर महिन्याला सुमारे १,९५०. दूध रोज अर्धा लिटर, ५५ च्या भावानं ८२५. अंडी-मटण ६००. एकूण ५,६००.

यात वर्षाचं भरण नाही. २६० किलो गहू ३० रुपयांनी ७,८००. घरची ७० किलो तूर ठेवली, तर न विकल्यामुळं ७० च्या भावानं ४,९०० आले नाहीत, तेही मोजा. वाळली मिरची सात किलो २२० नं १,५४०. हळद, धने आणि उन्हाळ्यातल्या पापड-शेवया-कुरड्यांचं सामान मिळून साडेसातशेच्या आसपास. बेरीज १५,००० च्या घरात, महिन्याला पडतात १,२५०. सणांचे वर्षाला ६,६०० धरले तर महिन्याला ५५०. सगळं मिळून ७,४००.

म्हणजे तुमचे ७,००० आणि लागणारे ७,४००. तूट फक्त ४०० ची दिसते, पण ती बाराही महिन्यांत सारखी वाटलेली नसते. ज्या महिन्यात गहू भरले त्या महिन्यात ती ६,४०० च्या घरात जाते, ज्या महिन्यात महालक्ष्म्या त्या महिन्यात दोन-तीन हजारांची. म्हणून गहू, तूर आणि मिरची महिन्याच्या पैशातून कधीच घेऊ नका. त्यांचे पैसे सोयाबीन आणि कापूस विकल्याच्या दिवशीच, दुसरा कोणताही व्यवहार करण्याआधी वेगळे काढायचे. बँकेतून २०,००० काढले तर पहिले पाच हजार गव्हा-मिरचीचे, मग बाकीचं. एवढी एक गोष्ट पाळली तर महिन्याला ५,६०० पुरतात, आणि ७,००० मधले उरलेले १,४०० सणाच्या डब्यात आणि जुन्या उधारीत जातात.

पाचव्या बाजाराचं लक्षात ठेवा. वर्षात ५२ आठवडे असतात. महिन्याला चार बाजार धरले तर ४८ होतात. उरलेले चार बाजार कुठल्या ना कुठल्या महिन्यात पाचवे म्हणून येतात. तो महिना हमखास तुटतो आणि बाईला वाटतं आपला हात सैल झाला. कॅलेंडर घेऊन तुमच्या बाजाराच्या वारावर खुणा करा. पाच खुणा पडतील त्या महिन्याला चार बाजारांच्या १,८०० वर ४५० जास्त द्या. मजुरीही आठवड्यालाच मिळत असेल तर भाजीचा हिशेब महिन्यावर ठेवूच नका, बाजार ते बाजार ठेवा.

या चार खात्यांत न बसणाऱ्या दोन गोष्टी तुमच्या दुकानाच्या वहीत नक्की सापडतील. एक म्हणजे निंदणाच्या आणि सोंगणीच्या मजुरांचा चहा, साखर, चिवडा. आठ बाया दहा दिवस निंदायला आल्या आणि दोन वेळ चहा दिला तर १६० कप होतात. दीड किलोहून जास्त साखर आणि तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पत्ती. हा शेतीचा खर्च आहे, तो बी-खतासोबत लिहा. दुसरी गोष्ट खर्रा, तंबाखू, बिडी आणि मोबाईलचा रिचार्ज. दुकानदार एकाच पानावर लिहितो, म्हणून दिसत नाही. त्याला वेगळं पान करायला सांगा. यावर घरात भांडण करायची गरज नाही. महिनाअखेरीस त्या पानाची बेरीज घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, तेवढं पुरतं.

दुकानात पैसा गळतो तो मुख्यतः तेलात. लिटर आणि किलो एक नाहीत. सोयाबीनचं एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरचा डबा म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडं वर आणि १५ किलोचा डबा म्हणजे जवळपास साडेसोळा लिटर. दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात. "डब्याचा भाव काय" असं विचारू नका, डब्यावर काय छापलंय ते वाचून भाग द्या. पाकिटंही आता ८००-८५० ग्रॅमची येतात आणि एक लिटरच्या पाकिटाशेजारी लटकवलेली असतात. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, बारीक अक्षरात असतो, पण तोच बघायचा. आणि "दहाचं तेल द्या" हे बंद करा. १५० च्या भावानं दहा रुपयांत ६६ मिली यायला पाहिजे. सुट्या मापात तेवढं आलं की नाही हे घरी औषधाच्या मापानं एकदा मोजून बघा. चहापत्ती, शॅम्पू, मसाल्याच्या पुड्यांचंही असंच आहे, मात्र शॅम्पूची पुडी कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, तिथं भाग देऊनच ठरवा.

मोठा डबा एकट्यानं घेऊ नका. १५ किलोचा डबा तुमच्या घरात चार महिने उघडा राहील आणि उन्हाळ्यात त्याला खवट वास येईल. बचत गटातल्या चार जणींनी मिळून घ्या, त्याच दिवशी वाटून बंद भांड्यात भरा. घरात लिटरच्या बाटल्या ठेवा. बाजाराच्या दिवशी एक बाटली स्वयंपाकघरात येईल, ती पुढच्या बाजारापर्यंत चालवायची. चौथ्या दिवशी अर्ध्याखाली गेली असेल तर पुढचे तीन दिवस भजी-तळण नाही. तेलावर यापेक्षा साधा लगाम नाही, आणि वहीपेक्षा तो जास्त चालतो, कारण फोडणी टाकताना वही कोणी बघत नाही. आठवड्याला बाटली म्हणजे वर्षाला ५२ लिटर. वर दिलेल्या ४ लिटरपेक्षा महिन्याला थोडं जास्त पडतं, ती सणाची आणि पाहुण्यांची जागा समजा.

तूर घरची खावी की विकून डाळ आणावी, यावर गावात वाद असतो. क्विंटलभर तुरीची डाळमिलमधून ७० किलोच्या आसपास डाळ येते, बाकी चुनी-कोंडा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळमिल बऱ्याच गावांत गटांकडे आहे, तिथं भरडून मिळते. तूर ७० रुपये किलो धरली तर एका किलो डाळीला एक किलो ४३० ग्रॅम तूर, म्हणजे शंभर रुपये, वर भरडाई. दुकानात तीच डाळ १२० ला असेल तर किलोमागे दहा-बारा रुपयेच वाचतात, आणि ढोरांना चुनी मिळते. बचत म्हणून हे फार मोठं नाही. खरा फायदा असा की ऑगस्टात डाळ चढते आणि हातात पैसा नसतो, तेव्हा ती उधारीवर आणावी लागत नाही. त्यासाठी ठेवा, आणि ४८ किलो डाळीला लागते तेवढीच, सत्तर किलो तूर ठेवा. कापूस-सोयाबीनचा भाव तुमच्या हातात नाही, हे ताट तरी आहे.

मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. भिवापुरी घ्या किंवा आपल्या बाजारात येणारी कुठलीही, पण हलवल्यावर आत बी खुळखुळलं पाहिजे. दबली आणि ओलसर मिरची वजनाला भरते, वाळवल्यावर घटते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशी धरलेली मिरची धुऊन-वाळवून वापरायची नाही, टाकायचीच. हळद वायगावची मिळाली तर गाठी घेऊन दळा. सव्वा किलोत वर्ष निघतं, तिथं स्वस्त भुकटीनं काहीच वाचत नाही. कांदा एप्रिल-मेमधला उन्हाळीच साठवायचा, तोही निवडून, मान वाळलेला, आणि हवा खेळेल अशा जागी पसरून. दिवाळीच्या आसपास येणारा लाल कांदा टिकत नाही. साठवलेल्यातला काही सडणारच, म्हणून ऑगस्टपर्यंत पुरेल तेवढाच भरा. आलू आपल्या ४४-४५ अंशांत टिकत नाहीत, ते बाजाराचे बाजारालाच आणा.

गव्हाला दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. पण उन्हातून उचलून गरम गहू कोठीत भरू नका. आत वाफ धरते आणि तिथूनच कीड लागते. रात्रभर पसरून थंड होऊ द्या. निंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला पाला उलट ओल देतो. कोठीखाली फळी किंवा विटा ठेवा. अख्ख्या तुरीला-मुगाला भुंगेरा वावरातूनच येतो. किलोला ५ मिली खायचं तेल चोळून ठेवलं तर त्याची अंडी टिकत नाहीत, आणि डाळ करून ठेवली तर कीड आणखी कमी लागते. बेसन, रवा, पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांचंच करा. आणि गावात ज्याला सल्फास म्हणतात त्या गोळ्या राहत्या घरात धान्यात कधीही घालू नका. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं जातात. चार किलो गहू किडले तरी चालतील.

रेशनचं धान्य हा तुमच्या अंदाजपत्रकातला सगळ्यात भक्कम भाग आहे, तो गळू देऊ नका. घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी झालेलं आहे का ते बघा, नाहीतर नाव अडतं. पॉस मशीनची पावती मागा आणि पोतं घरी तोलून बघा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेर जावं लागलं तर तिथल्या रेशन दुकानातूनही त्याच कार्डावर धान्य उचलता येतं. गहू-तांदळाचं प्रमाण बदलत असतं आणि तांदूळ जास्त आला की लोक तो स्वस्तात विकून टाकतात. ते बेकायदा आहे आणि तोट्याचंही आहे. एक वेळ भात-वरण किंवा गोळाभात ठेवला, ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळलं, तर गव्हाचं भरण त्या मानानं कमी लागतं. शेजारी कोणाचं केशरी कार्ड असेल तर त्यांना सांगा: अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांत आणि वर्ध्यात केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी रक्कम खात्यात देण्याची योजना आहे, तहसीलच्या पुरवठा शाखेत चौकशी करावी.

भाजीत पैसे वाचवायला जुलै-ऑगस्ट चांगला. तरोटा, चिवळ, घोळ, अंबाडी बांधावर फुकट येते. मात्र सोयाबीनमध्ये त्याच दिवसांत तणनाशक फवारलेलं असतं. आपल्याच धुऱ्यावरची, फवारा न गेलेली भाजी खुडा. हिवाळ्यात उलट करा: वांगी, टमाटे, मेथी, सांबार (कोथिंबीर) मातीमोल होतात तेव्हा ४५० ऐवजी ३०० त बाजार होतो. ते दीडशे खर्चू नका, सणाच्या डब्यात टाका. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या बारा बाजारांत १,८०० होतात आणि पोळ्याला कामी येतात. चार पाचव्या बाजारांचा जादा खर्चही बरोबर तेवढाच आहे.

आता उधारी. दुकानदार वाईट असतो म्हणून ती महाग पडते असं नाही. खात्यावर घेताना आपण भाव विचारत नाही, माप बघत नाही, आणि मुलाला पाठवलं की तो बिस्किटाचा पुडाही आणतो. जुनी बाकी असेल तर महिन्याच्या पैशातून ती फेडायला जाऊ नका, दर वेळी नवी उधारी होईल. दुकानात जाऊन आजच्या तारखेला पान बंद करा, आकडा दोघांच्या वहीत लिहा, खाली रेघ ओढा. पुढचं सगळं रोखीनं. जुनं सोयाबीनवर द्यायचं की आठवड्याला दोनशे, ते त्याच वेळी बोलून घ्या. दुकानदाराला थांबणं जमत नसेल तर उमेदच्या बचत गटातून अंतर्गत कर्ज घ्या. ते बहुतेक ठिकाणी शेकडा एक-दोन रुपये महिना असतं, आणि आकडा माहीत असलेलं व्याज न दिसणाऱ्या व्याजापेक्षा बरं. सीतादही (कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली की ओंजळभर कापूस किंवा पायलीभर सोयाबीन दुकानात देऊन सामान आणायची सवयही मोडा. तिथं माप डोळ्यानं होतं आणि भाव तोंडानं. घरी तोलून, एकदम, भाव विचारून विका.

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नका. फक्त लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: व म्हणजे वर्षाचं, कि किराणा, बा बाजार, स सण, शे शेती, ख खर्रा-रिचार्ज. सासूबाईंच्या हातात बाजाराचे पैसे असतील तर त्यांच्याकडून रोज संध्याकाळी आकडा विचारून लिहा, आठवड्यानं विचारला तर आठवत नाही. महिनाअखेरीस सहा बेरजा करा. "शे" आणि "ख" बाजूला ठेवून उरलेली बेरीज ७,४०० च्या जवळ आली, तर तुमचं घर काटकसरीनंच चाललंय आणि फक्त पैसे काढायची वेळ बदलायची आहे. "कि" २,२२५ च्या फार वर गेली तर आधी तेलाच्या बाटल्या मोजा, मग साखर, मग साबण-पावडर. "बा" ला तीन बाजार सलग ५०० च्या वर लागले तर यादी न करता बाजारात गेलात असं समजा, आणि पुढच्या वेळी पाकिटात ४५० च घेऊन जा.